भराव घालण्याआधी: मऊ जमिनीवर घर बांधताना जमिनीखालचा खर्च कसा समजून घ्यावा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गोव्यात बार्देश तालुक्यात वडिलांनी घेऊन ठेवलेला ४२० चौरस मीटरचा प्लॉट आहे. रस्त्याकडची बाजू उंच, तांबडी आणि टणक. मागची बाजू उतरत जाऊन शेताला आणि व्हाळाला (ओढ्याला) टेकते. ती रस्त्यापेक्षा सरासरी दीड मीटर खाली आहे. सनद (शेतजमीन बांधकामाला वापरायची परवानगी) झालेली आहे. साधारण ११० चौरस मीटर जोत्याचे, तळमजला आणि वर एक मजला असे घर बांधायचे आहे. एक कंत्राटदार म्हणतो, रस्त्याच्या पातळीपर्यंत भराव घालू, नेहमीची फुटिंगे (प्रत्येक कॉलमखालचे काँक्रीटचे पाये) टाकू, काही होत नाही. दुसरा म्हणतो, पाइल (कठीण थरापर्यंत खोल जाणारे काँक्रीटचे खांब) घातल्याशिवाय मी कामाला हातच लावणार नाही. जोत्यापर्यंतच्या कामाच्या दोघांच्या आकड्यांत जवळजवळ तिपटीचा फरक आहे. तुम्ही विचारता, जमीन तयार करायचा रास्त खर्च किती आणि या दोघांत फसवतो कोण?

बहुधा कोणीच नाही. तुमच्या जमिनीत खाली काय आहे ते दोघांनीही पाहिलेले नाही. पहिल्याने चांगले निघेल असे धरून दर दिला, दुसऱ्याने वाईट निघेल असे धरून. दोन्ही कागदांवर आकडे आहेत, पण त्यांच्यामागे मोजणी नाही. पहिल्याच्या बाबतीत जमीन वाईट निघाली तर जादा बिल तुमच्याकडे येईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे बिल येणार नाही आणि चार वर्षांनी भिंतींना भेगा येतील. दुसऱ्याच्या बाबतीत जमीन चांगली निघाली तर तुम्ही विनाकारण लाखो रुपये मातीत घालाल.

म्हणून चौरस मीटरला अमुक रुपये असा दर मी देत नाही. मुरूम, चिरे, रेती यांचे भाव हंगामाप्रमाणे, खाणीच्या अंतराप्रमाणे आणि तुमच्या गावच्या रस्त्यावर केवढा ट्रक वळतो त्याप्रमाणे बदलतात. त्याऐवजी परिमाणे कशी निघतात ते दाखवतो. त्यांना तुमच्या भागातला दर लावा, म्हणजे कुठला आकडा कशामुळे फुगतो हे तुम्हालाच दिसेल.

आधी कागद, कारण काही वेळा खर्चाचा प्रश्न तिथेच मिटतो. सनद पूर्ण प्लॉटला आहे की फक्त वरच्या भागाला, हे सनदेला जोडलेल्या नकाशावर पाहा. एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीचा मालक आणि कूळ दाखवणारा गोव्यातला उतारा) खालच्या भागाला कुळाची नोंद निघाली तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. कुळाला मिळालेली शेतजमीन दुसऱ्या कामाला वापरायला १९९१ च्या भू-वापर नियमन कायद्याने मनाई आहे. नगर नियोजन कायद्याच्या १७-अ कलमाप्रमाणे डोंगर-उतार कापायला आणि सखल जमीन बुजवायला आधी परवानगी लागते. बांध आणि मानस (पाण्याचे दार) घालून राखलेली खाडीकाठची खाजन जमीन असेल तर विषयच सोडून द्या; सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) अधिसूचनेत गोव्यातल्या खाजनांना खास संरक्षण आहे. बिनपरवाना भराव काढून टाकायची नोटीस आली की घालण्याचा आणि काढण्याचा असा दुहेरी खर्च बसतो. जमिनीचा झोन (वापराचा प्रकार) बदलून मिळाला म्हणूनही निर्धास्त राहू नका. तो बदल नकाशावर होतो, खालचा चिखल होता तसाच राहतो.

आता माती. नदी-खाडीच्या काठची, म्हणजे मांडवी, झुआरी, शापोरा, साळ यांच्या आसपासची निळसर-काळी चिकणमाती सर्वांत त्रासाची. तिच्यात पाणी इतके असते की वर भार आला की ते हळूहळू पिळून बाहेर पडते आणि जमीन वर्षानुवर्षे बसत राहते. शेताच्या कडेची जमीन त्यामानाने सोपी: वरचा एक-दोन मीटर गाळ मऊ, खाली जांभा किंवा घट्ट तांबडी माती. तुमच्या वर्णनावरून तुमचा प्लॉट बहुधा या प्रकारातला वाटतो, पण खात्री तुमच्या माझ्या वाटण्यावर नको. किनाऱ्यालगतच्या सुट्या रेतीबद्दल इथे लिहीत नाही, तुमच्याकडे ती नाही.

जांभ्याबद्दल मात्र थोडे थांबून सांगायला हवे, कारण "खाली जांभा आहे, मग कसली काळजी" हे वाक्य मी गोव्यात सगळ्यात जास्त ऐकतो. जांभा वर टणक आणि खाली जाईल तसा मऊ होत जातो. टणक थराची जाडी कुठे पाच-सहा मीटर, कुठे जेमतेम एक. त्याच्याखाली पांढरट, गुलाबी, पिवळसर अशी गाळवट माती लागते, तिला इंजिनिअर लोक लिथोमार्ज म्हणतात. कोरडी असताना ही माती कुदळीला दाद देत नाही. भिजली की हातात विरघळते. उन्हाळ्यात उभा कापलेला चढ मे महिन्यात भिंतीसारखा दिसतो आणि जुलैमध्ये खाली येतो, तो बहुतेक वेळा याच मातीमुळे. पेडण्याचा कोकण रेल्वेचा बोगदा आठवा. तो खोदताना भिजलेल्या मऊ मातीने वर्षानुवर्षे झुंजवले, पुढे ऑगस्ट २०२० मध्ये पावसात त्याच्या भिंतीचा भाग कोसळला आणि जुलै २०२४ मध्ये आत पाणी शिरून गाड्या थांबल्या. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. इथली जमीन कोरडी असताना किती भार घेते याला फारसा अर्थ नाही. ती भिजल्यावर काय करते ते पाहायचे.

आणखी एक प्रकार माणसाने तयार केलेला: बुजवलेली चिरेखाण किंवा बुजवलेली तळी. खाणीच्या कडा उभ्या कापलेल्या असतात. वरून सपाट, गवत उगवलेला प्लॉट दिसतो. प्रत्यक्षात एक कॉलम अखंड जांभ्यावर येतो आणि चार मीटरवरचा दुसरा पाच मीटर खोल कचरा, माती आणि मोडक्या चिऱ्यांवर. गावातल्या एखाद्या वयस्क माणसाला विचारा, इथे पूर्वी काय होते. उपग्रहाची जुनी छायाचित्रेही नेटवर फुकट पाहायला मिळतात.

जाता जाता: देशावरच्या काळ्या मातीसाठी दिलेले सल्ले तुम्हाला वाचायला मिळतील, की अंडर-रीम्ड (तळाशी फुगीर) पाइल घाला, माती फुगते, वगैरे. ती माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. आपल्याकडच्या शेता-खाडीकाठच्या जमिनीचा मुख्य त्रास दबण्याचा आहे. दुखणे वेगळे, म्हणून उपायही वेगळा.

तपासणीची सुरुवात फुकटात होते. शेजाऱ्याच्या विहिरीत डोकवा. मे महिन्यात पाणी खाली गेले की टॉर्च मारून पाहा: जांभा कुठे संपतो, पांढरी-गुलाबी माती कुठे सुरू होते, ओल कुठून पाझरते. जिथे वरून चिऱ्यांचे बांधकाम केले असेल तिथे माती दिसणार नाही, पण विहीर बांधून काढावी लागली म्हणजे ती माती स्वतः उभी राहत नव्हती, हेही कळतेच. पाण्याची पातळी मे महिन्यात कुठे आणि ऑगस्टमध्ये कुठे, हे त्या घरातली माणसे तोंडपाठ सांगतील.

त्यानंतर माती तपासायचे बोअर. तुमच्या प्लॉटवर मी तीन घेईन: दोन खालच्या भागात, घराच्या मागच्या कोपऱ्यांजवळ, आणि एक वर. काम चालू असताना स्वतः हजर राहा. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून नळीवर पडतो. नळी ४५ सेंटिमीटर आत जाते आणि शेवटच्या ३० सेंटिमीटरला किती ठोके लागले ते मोजतात. तीसच्या पुढे ठोके गेले की जमीन चांगली घट्ट. दोन-चार ठोक्यांत नळी सरकली तर मऊ. खाडीकाठी कधी कधी हातोडा नुसता वर ठेवला तरी त्याच्या वजनाने नळी खाली जाते. ठोका मारायची वेळच येत नाही. मग नळी वर काढून उघडतात. आत काळसर चिखल, त्यात शिंपल्यांचे तुकडे, सडक्या अंड्यासारखा वास. एकदा हे डोळ्यांनी पाहिलेत की "भराव घालू, काही होत नाही" या वाक्याला काय उत्तर द्यायचे ते तुम्हाला कोणी शिकवावे लागणार नाही.

बोअरवाल्याला एक गोष्ट बजावून सांगा: कठीण लागले की लगेच थांबायचे नाही. तो भरावात पडलेला मोठा दगड असू शकतो किंवा जांभ्याचा पातळ पापुद्रा. कठीण थरात निदान तीन मीटर आत जाऊनच बोअर बंद करायचा. जेसीबीने खड्डा काढून पाहणे चांगले, पण त्याने दोन-तीन मीटरपर्यंतचेच कळते. अहवालात प्रत्येक बोअरची वेगळी नोंद हवी: मऊ थर किती खोलीवर संपतो, पाणी किती खोलीवर आणि कोणत्या तारखेला लागले, किती भाराला जमीन किती बसेल, आणि खाऱ्या पाण्याची शंका असेल तर क्लोराइड-सल्फेट किती. पूर्ण प्लॉटला एकच क्षमतेचा आकडा देणारा अहवाल तुमच्यासारख्या अर्ध्या-अर्ध्या जमिनीला कामाचा नाही. माझ्या अनुभवात या सगळ्याचा खर्च घराच्या एकूण खर्चाच्या एका टक्क्याच्या आत बसतो. फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयातही मातीच्या चाचण्यांची चौकशी करून पाहा.

आता भरावाचा हिशोब. खालचा भाग २०० चौरस मीटर धरू. दीड मीटर भराव म्हणजे ३०० घनमीटर. पण शेताच्या वरच्या थरात मुळे आणि कुजका गाळ असतो, तो निदान ३० सेंटिमीटर खरवडून काढावा लागतो. ते ६० घनमीटर झाले. ते बाहेर न्यायचे आणि तेवढेच पुन्हा भरायचे. म्हणजे दाबलेला भराव ३६० घनमीटर. टिपरमधून मुरूम सुटा येतो आणि दाबल्यावर बसतो, म्हणून सव्वापट धरा: ४५० घनमीटर. टिपर लहान-मोठा असेल तसा एका खेपेत ६ ते १० घनमीटर येतो, तेव्हा ४५ ते ७५ खेपा. कंत्राटदाराच्या कागदावर तीस खेपा असतील, तर तो माती खरवडणार नाही, दाबणार नाही किंवा मध्येच जादा खेपांचे पैसे मागेल. याच्यावर रोलरचे भाडे आणि दाबणी तपासण्याचा खर्च. २० ते २५ सेंटिमीटरचा एक थर, त्याला बेताचे पाणी, रोलर, मग पुढचा थर, असेच भरायला हवे. सगळा मुरूम एकदम ओतून वर नळी सोडली तर रेतीचे एक वेळ जमते, तांबड्या चिकट मातीचा नुसता राडा होतो.

पण खेपांपेक्षा मोठी गोष्ट वजनाची आहे, आणि ती मला तुम्हाला पटवून द्यायची आहे. दाबलेला मुरूम घनमीटरला साधारण १.८ टन भरतो. दीड मीटर भराव म्हणजे दर चौरस मीटरवर २.७ टन. तुमचे एकमजली माडीचे घर, भिंती आणि छपरासकट, जोत्याच्या दर चौरस मीटरला सुमारे ३ टन. म्हणजे घराचा पहिला चिरा लावण्याआधीच त्या मऊ थरावर जवळजवळ एका घराचे ओझे ठेवून झालेले असते. शिवाय घराचा भार जोत्यापुरता, भरावाचा पूर्ण २०० चौरस मीटरवर पसरलेला, त्यामुळे तो खोलवर जाणवतो. लोकांना वाटते भरावाने जमीन मजबूत होते. भराव स्वतः कितीही चांगला दाबलेला असला, तरी खालचा गाळ त्याच्या भाराने बसणारच, आणि त्याच्याबरोबर वरचे सगळे बसणार.

"एक पावसाळा खाऊ दे, मग बांध" हा जुन्या गवंड्यांचा सल्ला अर्धा बरोबर आहे. एका पावसाळ्यात भराव स्वतःपुरता बसतो. खालच्या चिकणमातीचे बसणे मात्र तिच्या जाडीवर अवलंबून: जाडी दुप्पट झाली की लागणारा वेळ चौपट होतो. एक मीटर गाळ असेल तर एक-दोन पावसाळे थांबण्यात अर्थ आहे. सहा मीटर चिखल असेल तर तुमच्या मुलांच्या काळातही तो बसतच असेल.

फुटिंगांचे पाहू. जोते ११० चौरस मीटर, चौरस मीटरला ३ टन, म्हणजे एकूण ३३० टन. बारा कॉलम धरले तर एकावर साधारण २८ टन. फुटिंगचे स्वतःचे वजन धरून हिशोबाला ३३ टन घेऊ. जमीन चौरस मीटरला २० टन घेणारी असेल तर १.६५ चौरस मीटरचे, म्हणजे १.३ बाय १.३ मीटरचे फुटिंग पुरते. तीच जमीन ५ टनच घेत असेल तर ६.६ चौरस मीटर लागतात: २.६ बाय २.६. बारा फुटिंगांचे मिळून ८० चौरस मीटर झाले, जोतेच ११० चे. फुटिंगे निम्म्याहून जास्त जागा व्यापू लागली की राफ्टचा (पूर्ण घराखालच्या एकाच सलग काँक्रीटच्या पायाचा) विचार करायचा, हा आमचा साधा ठोकताळा. घर तेच, नकाशा तोच, आणि जमिनीचा एक आकडा बदलल्याने काँक्रीट आणि लोखंड कुठल्या कुठे गेले. दोन इस्टिमेटांत तिप्पट फरक असा पडतो.

तुमच्या प्लॉटला तर राफ्टही सरळ उत्तर नाही. अर्धा राफ्ट जांभ्यावर आणि अर्धा मऊ जमिनीवर टेकला, तर मऊ बाजू बसेल आणि टणक बाजू बसणार नाही. घर सगळीकडे सारखे दोन इंच बसले तरी बहुधा तुम्हाला कळणारही नाही. चार मीटर अंतरावरच्या दोन कॉलमांपैकी एक दुसऱ्यापेक्षा तेरा-चौदा मिलिमीटर जास्त बसला की भिंतीत तिरप्या भेगा, न लागणारी दारे आणि गळती सुरू होते. म्हणून माझा आग्रह असतो की एका घराचे सगळे कॉलम एकाच जातीच्या थरावर टेकले पाहिजेत, मग त्यासाठी मागचे खोल न्यावे लागले तरी चालतील.

मऊ थर दीड-दोन मीटरचाच निघाला तर हे सोपे आहे. मागच्या फुटिंगांचे खड्डे गाळ ओलांडून खाली न्यायचे, कठीण थरावर पीसीसी (लोखंडाशिवायचे साधे काँक्रीट) घालून तिथून कॉलम वर आणायचे. इथे खर्च काँक्रीटपेक्षा पाण्याचा आणि कडा ढासळण्याचा असतो. पंप, डिझेल, कडांना आधार, उपसलेला चिखल टाकायला जागा (तो शेजारच्या शेतात किंवा व्हाळात टाकता येत नाही), आणि पाणी उपसेपर्यंत बसून राहिलेली माणसे. हेच काम फेब्रुवारी ते मे मध्ये केले तर निम्मी डोकेदुखी वाचते. जूनमध्ये उघडा खड्डा राहिला तर तो पुन्हा पहिल्यापासून खणावा लागतो. कोरड्या महिन्यांत करार करून पायाचे काम पावसाआधी संपेल अशीच आखणी करा.

मऊ थर चार-पाच मीटरच्या पुढे गेला तर पाइलला पर्याय फार उरत नाही. पण त्याच्या खर्चाची मांडणी नीट समजून घ्या. यंत्र आणून उभे करण्याचा खर्च दहा पाइलना जेवढा, तेवढाच चाळीस पाइलना. म्हणून एकट्या घराला पाइल महाग पडतात. शेजारी कोणाचे काम निघणार असेल तर यंत्र एकदाच आणून दोघांत वाटून घ्या. तुमच्या वाटेने ते यंत्र आत येते का, हे दर मागण्याआधी पाहा. नाहीतर रस्ता रुंद करायचा खर्च वेगळा. आणि भराव घालून मग पाइल घालणार असाल तर एक तोटा कायमचा: भरावाने बसत जाणारी माती पाइलला धरून खाली ओढते, म्हणजे पाइलवर घराशिवाय मातीचाही भार येतो आणि तो जास्त लांब किंवा जास्त जाड करावा लागतो. तळमजल्याची फरशी भरावावर टाकली तर पाइलवरचे घर जागच्या जागी राहील आणि फरशी खाली जाईल. म्हणून पाइल म्हटले की तळमजल्याचा स्लॅबही बीमवर उचललेला हवा. पायऱ्या, पोर्च आणि भिंतीतून बाहेर पडणारे सांडपाण्याचे पाइप तुटतात तेही याचमुळे. दुसऱ्या कंत्राटदाराच्या दरात हा स्लॅब आहे का, ते विचारा.

आता जो पर्याय दोघांनीही दिला नाही तो सांगतो. भराव घालायचाच कशाला? गोव्यातली जुनी गावे पाहा: घरे उताराच्या पायथ्याशी, जांभ्यावर, उंच जोत्यावर; सखलात शेती आणि पाण्याची वाट. तुमचे जोते ११० चौरस मीटरचे आणि टणक भाग दोनशेच्या आसपास. रस्त्यापासून सोडायचे अंतर वजा जाता घर पूर्णपणे वर बसते का, हे आर्किटेक्टला आधी मांडून दाखवायला सांगा. बसत नसेल तर जोते थोडे आखडून माडीवर जागा वाढवता येईल का पाहा. तेही जमत नसेल तर मागचे दोन-चार कॉलम खालच्या कठीण थरापासून तसेच वर आणा आणि त्यांच्यामधली जागा न भरता मोकळी ठेवा. भरावाच्या खेपा गेल्या, भरावाचा भार गेला, मागची भिंत गेली, व्हाळाकडे जाणारे पावसाचे पाणी अडले नाही आणि शेजारी शेतकऱ्याशी भांडणही टळले. अशा घरात वरच्या बाजूचे आखूड कॉलम आणि खालचे लांब कॉलम भूकंपाचा धक्का सारखा घेत नाहीत, आखूड कॉलमांवर जास्त जोर येतो. म्हणून हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या डिझाइननेच करायचे, गवंड्याच्या अंदाजाने नाही.

वर मागच्या भिंतीचा उल्लेख आला. भराव घातला तर ती भिंत लागणारच, आणि इस्टिमेटात नेमकी तीच बहुधा नसते. सरासरी दीड मीटर म्हणजे शेवटच्या टोकाला अडीच मीटरही असू शकते. भिंतीची उंची दुप्पट झाली की मातीचा रेटा चौपट होतो आणि तिला उलथवणारा जोर आठपट. त्यामुळे तीन मीटरची भिंत दीड मीटरच्या भिंतीच्या दुप्पट किमतीत होत नाही. मागे पाणी साचले तर रेटा कोरड्या मातीच्या दुपटीहून अधिक जातो. आपल्याकडच्या चिऱ्यांच्या संरक्षक भिंती पावसात पडतात त्या बहुतेक यामुळे. पाणी बाहेर काढणारी भोके नसतात किंवा असतात ती मातीने बुजलेली. भिंतीमागे दगडाचा थर, गाळणी आणि वरून येणारे पाणी वळवणारे गटार, हे सगळे भिंतीच्या दरात लिहून घ्या. भिंतीचा पायाही त्याच मऊ मातीत आहे हे विसरू नका.

सेप्टिक टाकी शक्यतो वरच्या बाजूला घ्या. खाली पावसाळ्यात पाणी जमिनीच्या पातळीला येत असेल तर सोक पिटमध्ये (सांडपाणी मुरवायच्या खड्ड्यात) काहीच मुरणार नाही, आणि प्लास्टिकची तीन घनमीटरची टाकी रिकामी केली तर तिला पाणी तीन टनांपर्यंतच्या जोराने वर ढकलू शकते. खारे पाणी निघाले तर पायाचे काँक्रीट निदान एम ३० प्रतीचे आणि फुटिंगात लोखंडावर निदान ५० मिलिमीटर कव्हर (काँक्रीटचे आवरण), यात काटकसर करू नका.

आता करार. जमिनीवरचे काम ठोक दराने दिले तर चालेल. जमिनीखालचे काम प्रत्यक्ष मोजमापाने द्या: खोदाई, चिखल वाहून नेणे, पाणी उपसणे, दाबलेला भराव (खेपांवर नाही, रोलर फिरल्यानंतरच्या पातळ्या घेऊन घनमीटरवर), पीसीसी, काँक्रीट, लोखंड, पाइल असल्यास मीटरवर. दर पडताळायला सार्वजनिक बांधकाम खात्याचे दरपत्रक हाताशी ठेवा. बाजारात त्याहून वरखाली होईल, पण कुठली बाब अवाच्या सवा आहे ते दिसते. बोअर होण्याआधी कोणी विचारले तर मी जमिनीखालच्या रकमेवर तीस टक्के राखीव ठेवायला सांगतो. बोअरचा अहवाल हातात आल्यावर दहा ते पंधरा टक्के पुरतात. प्रत्येक खड्ड्याचा तळ काँक्रीट ओतण्याआधी इंजिनिअरने उतरून पाहायचा आणि फोटो काढायचे, हेही करारात लिहा. बोअर तीन ठिकाणचे असतात, खड्डे बारा. मधल्या एखाद्या खड्ड्यात वेगळेच निघू शकते.

तेव्हा सध्या दोघांनाही होकार देऊ नका. बोअर घ्या, आर्किटेक्टकडून घर वर सरकवलेला नकाशा काढून घ्या आणि तो अहवाल व एकच मोजमापाचा तक्ता दोघांना देऊन पुन्हा दर मागवा. या वेळी आकडे बरेच जवळ येतील, आणि जिथे येणार नाहीत तिथे नेमक्या कुठल्या बाबीत फरक आहे ते बोट ठेवून विचारता येईल. तिन्ही बोअरमध्ये मऊ थर किती मीटरवर संपला, पाणी किती मीटरवर लागले आणि प्लॉटच्या चारही कोपऱ्यांच्या पातळ्या कळवल्यात, तर मागचे कॉलम खोदून खाली न्यायचे की पाइलवर घ्यायचे, हे मला तुम्हाला नक्की सांगता येईल.